सात आठवडे दुसरं

खोली बघायला मी गेलो तेव्हा आमचे भावी घरमालक दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघण्याआधी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, आत जाऊन टेबलावरच्या लांबलचक वहीत काहीतरी लिहिलं आणि मग बाहेर येऊन म्हणाले, "अकरा मिनिटं. या, बसा."

ती वही म्हणजे मिलचं मस्टर होतं. इंदूरच्या एका कापड मिलच्या टाइम ऑफिसात तीस वर्षं ते खिडकीशी बसले. पाळीवर येणारा कामगार खिडकीतून पितळी बिल्ला घ्यायचा आणि हे त्याच्या नावापुढे खूण करायचे. मिल बंद होऊन दीडेक वर्ष झालं होतं. कोरी मस्टरं रद्दीत गेली, तेव्हा ह्यांनी ती रद्दीवाल्याकडून किलोच्या भावानं विकत आणली. काकूंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, म्हणणं होतं की तीस वर्षांच्या नोकरीनंतर दोन वह्या माणूस नुसत्या उचलू शकतो. ह्यांचं म्हणणं होतं की नेमक्या त्याच कारणासाठी उचलू शकत नाही.

मिल नव्हती, पण हजेरी चालू होती. दूधवाला, पेपरवाला, नळ. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड यायचं, तेव्हा नर्मदेच्या नावापुढे एक दिवसाआड 'गैरहजर' अशी नोंद असे, जणू पुढेमागे तिची खात्यामार्फत चौकशी व्हायची आहे. मी इतिहास शिकवायचो, म्हणजे पुराव्याशिवाय काही न मानण्याचा पगार घ्यायचो. पण माझ्या आयुष्यात मी पाहिलेला एकमेव प्रामाणिक दस्तऐवज त्या घरात होता आणि त्यात मी पहिल्याच दिवशी अकरा मिनिटं उशिरा होतो.

मस्टरं दोन होती. दुसरं गाण्यांचं, जुन्या वह्यांवरून उतरवून काढलेलं.

हे समजायला थोडं मागं जावं लागेल. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात रेडिओवर दर आठवड्याला गाण्यांचा पसंतीक्रम लागायचा. दहा गाणी, खालून वर. गावोगावचे श्रोते पोस्टकार्डं पाठवायचे, श्रोत्यांचे संघ असायचे, आणि निवेदक दहाव्यापासून पहिल्यापर्यंत येईतो चांगली शहाणीसुरती माणसं श्वास धरून बसायची. आमच्या घरमालकांनी त्या दहा गाण्यांची हजेरी वर्षानुवर्षं लावली. यादीत नवं गाणं आलं की 'भरती', सलग चार आठवडे टिकलं की 'कायम', बाहेर पडलं की 'खारीज'. कुठलं गाणं चांगलं आणि कुठलं वाईट ह्याबद्दल एक शब्द त्या वहीत कुठंही नव्हता.

अशात ते गाणं आलं. ते सिनेमातलं नव्हतं. एका मुलीनं गायलेली सुटी तबकडी, एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला कुणालाच आठवत नाही असं काहीतरी. गिटार, टाळ्या, अडीच-तीन मिनिटं, नावात दोनच शब्द. सिनेमाच्या गाण्यांच्या गर्दीत हे एकटं, मागं नट नाही, नटी नाही, बाग नाही. ते दहावं आलं, सहावं झालं, दुसरं झालं आणि तिथेच बसलं. सात आठवडे दुसरं. पहिल्या जागेवर एका भरजरी सिनेमाचं गाणं होतं, ते हलायला तयार नव्हतं.

"प्रोफेसर, ते पहिलंच होतं," घरमालक मला पहिल्यांदा हे सांगताना म्हणाले. "फक्त लागलं दुसरं."

"हे कशावरून, काका?"

"अरे, मी खिडकीत बसून राहिलो ना रोज! ट्रान्झिस्टर खिडकीतच असायचा. हे गाणं लागलं की पाळीचा एकेक माणूस बिल्ला घेताना मान डोलवत जायचा. पूरी पाळी! सिनेमावाल्या गाण्याला एकानं मान हलवली असेल तर नाव सांगा."

पाळीवर मी नव्हतो.

वर्षअखेरीला वर्षभराचा पसंतीक्रम लागणार होता. त्यासाठी घरमालकांनी मिलचा श्रोता संघ काढला. सभासद म्हणून मस्टर समोर होतंच. निम्म्या कामगारांना लिहिता येत नव्हतं, उरलेल्यांना सवड नव्हती. तेव्हा ह्यांनी तीन आठवडे रोज घरी बसून सगळ्यांची पोस्टकार्डं स्वतः लिहिली. प्रत्येकावर नाव, खातं, बिल्ल्याचा नंबर आणि ते गाणं. अक्षर छापल्यासारखं. एकाही कार्डावर खाडाखोड नाही, हे ते मला अजून अभिमानानं सांगत. निकालात गाणं दुसरं आलं आणि मागोमाग कार्यक्रमाकडून एक छापील कार्ड आलं: एकाच हस्ताक्षरातली सर्व पत्रं एक मत धरण्यात आली आहेत.

"तीनशे माणसं हजर," ते म्हणाले, "आणि माझ्या अक्षरामुळे हजेरी एकाची लागली. ही चूक माझी आहे. तिची नाही." तिची म्हणजे गाण्याची.

काकू त्या गाण्याला 'ती बया' म्हणायच्या. "लग्नानंतर पहिल्या वर्षी मला एक चिठ्ठी लिहिली नाही ह्यांनी," त्या भाजी निवडता निवडता मला सांगायच्या, "आणि त्या बयेसाठी तीनशे पत्रं."

"तू स्पर्धेत नव्हतीस," आतून उत्तर यायचं.

बिनविरोध निवडून येणं हा सन्मान आहे की नाही, ह्यावर त्या घरात तीस वर्षं एकमत झालेलं नव्हतं.

गाणं मात्र मेलं नाही. यादीत पहिली आलेली त्या काळची कितीतरी गाणी आज कुणाला आठवत नाहीत, हे दुसरं आलेलं राहिलं. राजवाड्यासमोरून जाणाऱ्या वरातीत बँडवाले ते वाजवायचे, तेही इतक्या संथ लयीत की नवऱ्या मुलाला परत फिरायला वेळ मिळावा. एका साबणाच्या जाहिरातीत त्याची चाल होती. शाळेच्या कवायतीत होती. घरमालक ह्या सगळ्याची नोंद करायचे, पण 'किरकोळ' ह्या सदरात.

मग उदारीकरण आलं. आमच्या गल्लीत ते केबलच्या काळ्या वायरीच्या रूपानं आलं. मिलचं धुराडं उभंच होतं, फक्त त्यातून धूर यायचा थांबला होता, आणि सांवेर रोडवर एका शेठनं कॅसेटी भरायचा कारखाना काढला होता. आमच्या घरमालकांच्या खात्यातले दोघं तिथं दारावर पहारेकरी झाले होते. ह्या शेठनं ते गाणं नव्यानं काढलं. मागं ढोल, मधे कुणीतरी इंग्रजीतून धमकावल्यासारखं बोलतंय, आणि टीव्हीवर चार मुली पाण्याच्या पाइपाखाली नाचताहेत. ते टीव्हीवरच्या एका यादीत पहिलं आलं. मला वाटलं, चला, निदान आता तरी.

"हे बदलीवालं आहे," घरमालक म्हणाले. मिलमध्ये कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी त्या दिवसापुरता बदली कामगार घ्यायचे. "बदलीवाल्याची हजेरी बदलीवाल्याच्या नावापुढे लागते. मूळ माणसाच्या नाही."

शेठनं सत्कार समारंभ ठेवला. कॅसेटीचा खप झाल्याबद्दल, म्हणजे स्वतःचाच. पण असं उघड म्हणता येत नाही म्हणून 'एका अजरामर गीताचा गौरव'. व्यासपीठावर नऊ खुर्च्या, त्यांत संगीताशी संबंध असलेलं कुणी नव्हतं. गौरवाला जुना माणूस लागतो, म्हणून पहारेकऱ्यांपैकी कुणीतरी आमच्या घरमालकांचं नाव सुचवलं. ते इस्त्रीचा कोट घालून, वेळेच्या वीस मिनिटं आधी जाऊन, पहिल्या रांगेत बसले. मी शेजारी. शाल, श्रीफळ, मग शेठचं भाषण.

"भाइयों, ये वो गाना है," शेठ म्हणाले, "जो अपने जमाने में पूरे पच्चीस हफ्ते नंबर वन रहा!"

टाळ्या पडल्या. घरमालक उभे राहिले. खांद्यावर शाल, हातात नारळ.

"सात," ते म्हणाले. "सात आठवडे. आणि दुसरं."

शेठ हसले. "अरे काका, बैठो ना. एक ही बात है."

"एक ही बात नहीं है, भिया. एक नंबर और दो नंबर, दो बात है." त्यांनी नारळ खुर्चीवर ठेवला, शालीची घडी करून त्यावर ठेवली आणि ते निघाले. मी त्यांच्या मागोमाग. पाठीमागं टाळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, कारण तोवर कुणीतरी समई लावली होती.

बाहेर रिक्षा मिळेना. सांवेर रोडवरच्या धुळीत उभं राहून मी त्यांना विचारलं, "काका, आयुष्यभर तुम्हाला हेच तर कुणीतरी म्हणायला हवं होतं ना? ते पहिलं होतं म्हणून?"

"कुणी तरी म्हटलं म्हणून नको. लागलं म्हणून पाहिजे."

दोन महिन्यांनी ती संधी आली. शहरातल्या रेडिओ केंद्रानं जाहीर केलं की सिनेमाबाहेरच्या गाण्यांतली आजवरची सर्वांत आवडती दहा गाणी श्रोत्यांच्या पत्रांवरून ठरवली जातील. नियम एकच: एका श्रोत्याचं एक कार्ड, स्वतःच्या हस्ताक्षरात. तो नियम आपल्यालाच उद्देशून केला आहे अशी घरमालकांची खात्री होती. त्यांना तो अपमान वाटला नाही. समन्स वाटलं.

त्यांनी सायकल काढली आणि आठवडाभर परदेशीपुऱ्याच्या कामगारवस्तीत, माळव्याच्या त्या ऊन-धुळीत, श्रोता संघाच्या जुन्या यादीवरची माणसं शोधत फिरले. कुणी भाजीची गाडी लावत होता, कुणी मुलाकडे गावी निघून गेला होता, कुणी नुसताच ओट्यावर बसून होता. मागावर काम केलेला भेरूलाल रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस विकायला लागला होता. रविवारी सकाळी आमच्या अंगणात चाळीसेक माणसं जमली, आणि कुणी काही न सांगता रांगेत उभी राहिली.

गाण्यासाठी ही माणसं आली, यावर माझा विश्वास बसेना. मी भेरूलालला तसं विचारलं.

"गाने का तो पता नहीं, साब," तो म्हणाला. "मिल का बुलावा अब आता नहीं. बाबूजी का आया, तो आ गए."

त्यांतल्या सव्वीस जणांना लिहिता येत नव्हतं. घरमालकांनी काकूंच्या कपाटाचं दार बिजागरीतून काढून अंगणात टेकवलं आणि त्यावर खडूनं लिहायला लागले. काकू म्हणाल्या, "अहो, साड्या उघड्या पडल्या माझ्या."

"महिन्याभराचा प्रश्न आहे."

"त्या बयेपायी माझं कपाटसुद्धा गेलं."

शिकवायची त्यांची पद्धत कुठल्या पुस्तकात नव्हती. माणसाला अक्षर येत नसलं तरी आपल्या बिल्ल्याचा नंबर ओळखता येतो, हे त्यांना माहीत होतं. मग आकड्यापासून सुरुवात. दोनाच्या आकड्याला काय जोडलं की 'र' होतो, पाचाची शेपटी कुठं तोडली की 'प' दिसतो. आधी स्वतःचं नाव, मग पत्ता, शेवटी गाणं. रोज सकाळी आठ ते नऊ. आठ वाजून पाच मिनिटांनी फाटक बंद. साठी ओलांडलेली माणसं पाटी बगलेत मारून गल्लीतून पळत येताना मी खिडकीतून बघायचो. एक जण दोनदा नापास झाल्यावर म्हणाला, "बाबूजी, मेरा तो अंगूठा ही ठीक है." घरमालकांनी त्याचा अंगठा धरला, त्याला पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, "ठीक है. इसी को सिखाते हैं."

मी त्यांना हळूच विचारलं होतं की एवढा खटाटोप कशाला, उरलेल्या चौदा जणांकडून प्रत्येकी दोन-तीन कार्डं लिहून घेऊ. त्यावर ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मस्टरमध्ये माझ्या नावापुढं काय लिहिलं होतं ते बघायचं धैर्य मला झालं नाही.

महिनाअखेर आली. चाळीस कोरी कार्डं वाटली गेली. कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात ते दोन शब्द लिहिलेले होते. सगळ्यांनी आपापली नावं लिहिली, पत्ते लिहिले. मग भेरूलालनं मान वर केली.

"बाबूजी, ये जो पल्ले पे लिखा है, वही उतारना है? कि अपना?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता हा माणूस 'वही' म्हणेल आणि कुणीही त्याला दोष देणार नाही. घरमालकांनी दाराकडे बघितलं. मग खिशातून रुमाल काढून ते दोन शब्द पुसले.

"अपना," ते म्हणाले.

"अहो!" काकू ओरडल्या. इतकी वर्षं त्या बयेला शिव्या घालणाऱ्या काकू.

कार्डं घरमालकांनी पालथी गोळा केली आणि न बघता पेटीत टाकून आले. पण भेरूलाल लिहीत असताना मी त्याच्या मागं उभा होतो. ते गाणं दोन शब्दांचं. भेरूलालनं अख्खी ओळ भरली होती.

निकाल रविवारी सकाळी होता. चाळीसच्या चाळीस हजर. काकूंनी परातभर पोहे केले होते, वर शेव, शेजारी जिलेबी, पण कुणी हात लावत नव्हतं. रेडिओ कपाटाच्या रिकाम्या खणात ठेवला होता. दहावं, नववं, आठवं. घरमालक उभ्यानं मस्टर धरून लिहीत होते. चौथं आलं, तिसरं आलं, ते नव्हतं. मग निवेदिका म्हणाली, "और दूसरे पायदान पर," आणि त्या टाळ्या वाजल्या, ती गिटार वाजली.

कुणी कुणाकडे बघेना. घरमालकांनी दोनाचा आकडा लिहिला. नेहमीसारखाच, छापल्यासारखा. गाणं संपलं. पहिलं आलं ते माळव्यातलं एक निर्गुणी भजन, कुठल्याशा खेड्यातल्या म्हाताऱ्यानं एकतारीवर गायलेलं. आणि निवेदिका नावं वाचायला लागली: "परदेशीपुरा से भेरूलालजी..." मग आणखी एक. मग आणखी एक. पाटी बगलेत मारून आमच्या गल्लीतून पळालेली नावं, एकामागून एक, रेडिओतून येत होती. ज्याचं नाव येई तो दचकून उभा राही, पाळीवर पुकारल्यासारखा.

"पण तुम्ही तर," घरमालक भेरूलालला म्हणाले, "तुम्ही सगळे मान डोलवत जायचात ना! मी रोज पाहून राहिलो होतो. ते गाणं लागलं की."

भेरूलाल म्हणाला, "बाबूजी, वो तो हम आपको राम-राम करते थे. हाथ में तो डब्बा रहता था ना."

"सिनेमाच्या गाण्याला नाही केलं ते कधी."

"वो आता था तब आप नीचे मुंडी करके लिखते रहते थे. इस वाले पे आप ऊपर देखते थे. तो करते थे."

मस्टर त्यांच्या हातात उघडंच होतं. मी इतिहासाचा माणूस. एखाद्याचा तीस वर्षांचा पुरावा एका वाक्यात कोसळताना मी कागदावर पुष्कळदा पाहिला होता, अंगणात कधी नाही. काकू त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे तेव्हाही ते दुसरंच होतं," ते शेवटी म्हणाले. "बरोबर लागलं होतं."

मग त्यांनी खुर्ची ओढली, मस्टरचं नवं पान काढलं आणि पहिल्या माणसाला विचारलं, "तुला कुठलं गाणं आवडतं?" रांग आपोआप लागली. एकेक जण पुढं आला आणि सांगत गेला. कुणाला भजन, कुणाला आईचं दळतानाचं गाणं, कुणाला सिनेमाचं तेच ते भरजरी. एक जण म्हणाला, "मेरे को तो बाबूजी का वाला ही," तेव्हा ते कडाडले, "मुँह देखके मत बोल!" त्यानं पोराबाळांची शपथ घेतली, तेव्हा कुठं लिहिलं. पोहे गार झाले. काकूंनाही विचारलं. त्या पदराआड काहीतरी पुटपुटल्या आणि घरमालकांनी ते लिहून घेतलं. काय, ते मला कळलं नाही, पण काकू लाजल्या.

शेवटी माझ्याकडे वळले. "प्रोफेसर, तुमचं कार्ड गेलं होतं?"

"हो."

"कुठलं लिहिलं?"

"तेच. तुमचं."

"आवडतं?"

मी विचार केला. खोटं बोलायला हरकत नव्हती. माणूस दुखावलेला होता, सकाळ तशीच होती. पण चाळीस माणसं बघत होती आणि त्यांतल्या एकानंही खोटं लिहिलेलं नव्हतं.

"नाही, काका," मी म्हणालो. "मला ते कधीच आवडलं नाही. तुमच्यासाठी लिहिलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. बिल्ला हरवलेल्या कामगाराकडे बघावं तसं.

"मग एक मत कमी," ते म्हणाले. "तिसऱ्या गाण्याशी किती मतांचा फरक आहे, कोणास माहीत. कदाचित खरं दुसरं ते तिसरंच असेल."

"अहो, जाऊ द्या ना," काकू म्हणाल्या. "एक कार्ड ते काय."

त्यांनी आत जाऊन टेबलाच्या खणातून एक कोरं पोस्टकार्ड आणलं, माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतःच्या खिशातलं पेन टोपण काढून माझ्या हातात दिलं.

"लिहा. केंद्र संचालक यांस. माझं मत रद्द समजावं. खाली नाव, पत्ता."

"तुम्हीच लिहा ना, काका. तुमचं अक्षर चांगलं आहे."

"नाही," ते म्हणाले. "तुमच्या हातानं."

भेरूलालनं माझ्यासाठी खुर्ची सरकवली. चाळीस माणसं भोवती उभी राहिली आणि मी लिहायला लागलो.